घाट चढणाऱ्या पायांना फ्रान्सचा चढउतार का दमवतो?

सायकलविषयी वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलवर फिरायचे, वाटेतले किल्ले, राजवाडे, गुहा पाहायच्या, त्यासाठी तयारी काय करावी? त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही चौघे दर रविवारी यवतेश्वरमार्गे कासला जाऊन येतो. महिन्यातून एकदा पसरणीच्या घाटाने महाबळेश्वर करतो. सप्टेंबरात दहा दिवस फ्रान्सच्या पेरिगोर भागात, दोर्दोन्य नदीच्या परिसरात फिरायचे आहे. रोजचे १०० किलोमीटर धरले आहेत. तिथे घाट नाहीत, म्हणजे जमेल ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर: रोजचे १०० धरू नका, ६० ते ७० धरा. तुमच्या पायांत जोर आहे, पण तो वेगळ्या प्रकारच्या चढाला सरावलेला आहे.

वाई ते पाचगणी हा चढ साधारण १२ किलोमीटरचा, सरासरी ४ ते ५ टक्क्यांचा. एकदा लय सापडली की तास-सव्वा तास त्याच लयीत पाय चालतात आणि वर पोचले की काम संपते. पेरिगोरमध्ये नदीचा काठ सपाट आहे, पण काठ सोडून पठारावर निघालात की रस्ता ५०-८० मीटर वर जातो, लगेच दरीत उतरतो, ओढा ओलांडतो आणि पुन्हा चढतो. चढ जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरचा, पण ७-८ टक्क्यांचा, मध्येच एखादा टप्पा १० टक्क्यांच्या वर. दिवसाला असे बारा-पंधरा चढ सहज होतात.

घोटाळा होतो तो चढ छोटा दिसतो म्हणून. समोर माथा दिसत असतो, त्यामुळे माणूस सीटवरून उठतो आणि जड गिअरवरच तो मारून नेतो. हिशेब करून पाहा. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन धरले, तर ७ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जायला सुमारे १८० वॅट लागतात. तोच चढ ताशी १५ ने घेतला तर सुमारे २८० वॅट. किलोमीटरभराच्या चढावर वाचतात फक्त दोन मिनिटे. पहिल्या चार चढांना काही जाणवत नाही. सातव्या-आठव्याला मांड्या भरून येतात आणि दुपारनंतर उताराच्या वळणावर ब्रेक धरणारे हातही सैल पडतात. म्हणून तिथला नियम एकच: चढ सुरू होण्याआधी हलका गिअर, बसूनच चढायचे आणि माथ्यावर पोचल्यावरही बोलता आले पाहिजे.

दुसरा वेळखाऊ भाग म्हणजे तुम्ही जे पाहायला चालला आहात तेच. किल्ला म्हटला की तो उंचावर असणार, हे सातारकरांना सांगायला नको. बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले दोर्दोन्यच्या दोन काठांवर एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. १३३७ ते १४५३ या शतवर्षीय युद्धात बेनाक फ्रेंचांकडे, तर कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे होता. दोन्ही पाहायचे म्हणजे नदीपातळीपासून दोनदा चढणे आले. दोम हे १२८१ मध्ये वसवलेले तटबंदीचे गाव आहे, त्याचाही शेवटचा चढ उभा. थोडे पूर्वेला रोकामादूरला गेलात तर कड्याला चिकटलेल्या देवळांपर्यंत २१६ पायऱ्या आहेत. म्हणून रस्त्याच्या सायकलीचे बाहेर आलेल्या क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या खटक्याचे, बूट नेऊ नका. क्लीट तळव्याच्या आत बसते असे बूट घ्या, नाहीतर गुळगुळीत झालेल्या दगडी फरशीवर पाय सटकलाच म्हणून समजा.

आदिमानवाच्या भिंतीचित्रांची लास्कोची मूळ गुहा १९४० मध्ये सापडली आणि चित्रांना धोका निर्माण झाल्यामुळे १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे. आज दिसते ती प्रतिकृती. २०१६ मध्ये उघडलेल्या प्रतिकृतीत ठरलेल्या वेळेच्या तिकिटावर, वाटाड्याबरोबर जावे लागते. वेळ चुकली की तिकीट वाया, म्हणून त्या दिवशी ४० किलोमीटरच्या वर काही ठरवू नका. मूळ रंगीत चित्रे पाहायची असतील तर फों-द-गोम ही गुहा मर्यादित लोकांसाठी अजून उघडी आहे. आमच्या मते एक दिवस मोडावा आणि ती पाहावीच.

सरावासाठी घाट सोडायची गरज नाही, पण आठवड्यातली एक फेरी बदला. मेढ्याकडचा रस्ता किंवा रहिमतपूर-औंध बाजूचे चढउताराचे रस्ते घ्या. १०० किलोमीटरला मिळून सुमारे १,००० मीटर चढ जमला पाहिजे आणि तोही एका घाटात नको, तुकड्यातुकड्यांत हवा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार असे सलग तीन दिवस ६० किलोमीटर करून पाहा. सीट बोचते की नाही, हाताला मुंग्या येतात की नाही, हे तिसऱ्या दिवशीच कळते.

प्रश्न: आमच्याकडे सगळे सपाट. सराव करायचा कुठे? शिवाय माझ्या सायकलला पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ दातांची चक्रे आहेत. तेवढे पुरेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: सपाटीवर वाऱ्याविरुद्ध चालवल्याने दम वाढतो, पण चढावर गिअर कधी उतरवायचा याचा हात बसत नाही. दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वरचा चढ एका सकाळी पाच-सहा वेळा करा, दर वेळी वेळ मोजा. शेवटची फेरी पहिलीच्या वेळेत आली तर वेग बरोबर, फार मागे पडली तर पहिली फेरी जोरात गेली असे समजा. महिन्यातून एकदा शिराळा-चांदोली रस्ता करा, तो या कामासाठी चांगला आहे.

गिअरचे म्हणाल तर २८ दात मोकळ्या सायकलीला चालतील, सामानासह नाही. २८ मिलिमीटर टायरवर पुढे ३४ आणि मागे २८ दातांवर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की वेग ताशी ९.३ किलोमीटर होतो आणि १० टक्के चढावर ८५ किलोला सुमारे २३० वॅट द्यावे लागतात. मागे ३४ दात असतील तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग ७.७ वर येतो आणि काम १९० वॅटवर भागते. हा फरक दिवसाअखेर गुडघ्यांना कळतो.

कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलताना तीन गोष्टी पाहून घ्या. एक, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग. शिमानो १०५ च्या ११ वेगी आर ७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दातांपर्यंतच घेतो, ३४ साठी लांब पिंजऱ्याचा लागतो. दोन, शिमानोची ११-३४ ची ११ वेगी कॅसेट रोड हबवर बसवताना मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर लागतो. तो राहिला तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते, आणि दुकानदार गिअर लावत बसतो. तीन, चेनची लांबी. जुनी चेन तशीच ठेवली आणि चुकून पुढच्या मोठ्या चक्रावर असताना मागचे ३४ दातांचे चक्र लावले, तर चेन ताणून डिरेलर आणि तो ज्यावर लटकतो तो हँगर दोन्ही तुटतात. चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या आणि मागच्या सर्वात मोठ्या चक्रांवरून गुंडाळा, टोके जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा. हे सगळे निघण्याच्या किमान ३०० किलोमीटर आधी करा.

प्रश्न: वडिलांचे वय ६४, रोज ३० किलोमीटर सायकल चालवतात. आम्हा बापलेकांना जमेल असा ऐतिहासिक भाग कोणता? (एक वाचक, वाई)

उत्तर: ल्वार नदीचे खोरे. ‘ल्वार आ व्हेलो’ हा सुमारे ९०० किलोमीटरचा खुणा केलेला मार्ग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ चा भाग आहे. चढ जवळजवळ नाहीच. तुम्ही ब्ल्वा ते सोम्यूर एवढाच टप्पा घ्या आणि सात-आठ दिवस द्या. वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून सोम्यूरहून सुरुवात करून ब्ल्वाकडे या. वडिलांच्या पाठीला तो वारा लागेल.

या मार्गावर आंब्वाझ चुकवू नका. लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये तिथे आला आणि १५१९ मध्ये क्लो ल्यूसे या घरात वारला. त्याच १५१९ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने शांबोरच्या राजवाड्याचे बांधकाम सुरू केले. शांबोरच्या वनाभोवती ३२ किलोमीटरची भिंत आहे आणि आतल्या रस्त्यांवर सायकल चालवता येते. राजवाड्यातल्या दुहेरी जिन्यावरून एक जण चढला आणि एक उतरला तरी दोघांची गाठ पडत नाही. शनोंसोचा महाल शेर नदीवर पुलासारखा आडवा बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ही नदीच जर्मनव्याप्त भागाची हद्द होती, त्यामुळे महालाचे एक दार व्याप्त भागात आणि दालनाच्या टोकाचे दार मोकळ्या भागात उघडत असे.

मार्गावर काही ठिकाणी बारीक खडीची दाबलेली वाट आहे. २५ चे टायर नकोत, ३२ चे घ्या.

प्रश्न: उजव्या बाजूने चालवायची भीती वाटते. सवय किती दिवसांत होते? (एक वाचक, कराड)

उत्तर: रहदारीत चूक होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना. बेकरीतून पाव घेतला, सायकल भिंतीवरून उचलली, गावात चिटपाखरू नाही, आणि पाय आपोआप डावी बाजू धरतात. पहिल्या पाच दिवसांसाठी स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या दांड्यावर, रंगीत चिकटपट्टीचा उजवीकडे वळलेला बाण लावा. निघण्यापूर्वी नजर तिथे जातेच. आरसा हँडलच्या उजव्या टोकाला असेल तर काढून डाव्या टोकाला बसवा, कारण मागून येणारी गाडी तिथे डावीकडून पुढे जाते. भाड्याची सायकल घेतलीत तर ब्रेकही तपासा. तिथे बहुधा डावा लीव्हर पुढच्या चाकाचा असतो, आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजवा. हे माहीत नसताना उतारावर घाबरून डावा ब्रेक गच्च दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो.

याहून घातक आहे तो उजवीकडच्याला प्राधान्याचा नियम. चौकात खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग तो गल्लीतून येवो की शेताकडच्या वाटेवरून. आपल्या डोक्यात ‘मोठा रस्ता आपला’ हे पक्के बसलेले असते. जुन्या खेड्यांत उजवीकडच्या बोळातून गाडी सरळ बाहेर येते, चालक तुमच्याकडे पाहत नाही, कारण हक्क त्याचा आहे. पांढऱ्या कडेची पिवळी चौकट तिरकी उभी दिसली की तुमच्या रस्त्याला प्राधान्य आहे. तिच्यावर काळी तिरकी रेघ आली की ते संपले. लाल कडेच्या त्रिकोणात काळी फुली म्हणजे पुढच्या चौकात उजवीकडच्याला आधी. गोल चौकात मात्र आत फिरणाऱ्याला आधी, आणि फिरायचे घड्याळाच्या उलट.

कायद्याचे थोडक्यात: गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट सक्तीचे, घंटी आणि पुढचे-मागचे दिवे सक्तीचे, कानात इअरफोन घालून चालवायला बंदी. गाडीवाल्याने तुम्हाला ओलांडताना गावात १ मीटर आणि बाहेर दीड मीटर अंतर ठेवायचे असते. मोटारमार्गावर सायकल नेता येत नाही. मिशलॅनच्या नकाशात पिवळे आणि पांढरे रस्ते निवडा, ज्यांच्या कडेला हिरवी रेघ आहे ते निसर्गरम्य. चढाची खूण बाणाच्या टोकांनी असते: एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याच्या वर.

आणि ‘ग्राव्हियों’ ही पाटी लक्षात ठेवा. डांबरावर नुकतीच बारीक खडी पसरली आहे असा तिचा अर्थ. पाटी दिसताच वळणाच्या आधी सरळ रेषेत असतानाच वेग कमी करा. वळणात शिरून ब्रेक दाबला तर पुढचे चाक घसरते.

प्रश्न: सायकल विमानाने न्यायची तर बांधायची कशी? आणि खायला काय न्यावे? आम्ही शाकाहारी आहोत, कंदी पेढे आणि बेदाणे न्यायचा विचार आहे. (एक वाचक, तासगाव)

उत्तर: पेढे घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा सगळे त्यात आले, सापडले तर काढून घेतात. तुमचे बेदाणे मात्र उत्तम: वाळवलेले, हलके आणि चढाआधी मूठभर तोंडात टाकायला सोपे. शेंगदाण्याची चिक्की, भडंगही चालेल.

तिथे बुलांजरीत, म्हणजे पावाच्या बेकरीत, शाकाहारी माणसाचे निभते, पण किश या तिथल्या खाऱ्या पदार्थात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि अंडे तर असतेच. ‘सां व्हियांद, सां प्वासों, सां जांबों’, म्हणजे मांस, मासे, हॅम नको, एवढे वाक्य पाठ करा. सॅलड मागवतानाही ते म्हणा. खेड्यातली दुकाने दुपारी १२ च्या सुमारास बंद होतात ती दोन-अडीचपर्यंत, रविवारी दुपारनंतर बहुधा उघडतच नाहीत, आणि बरीच दुकाने सोमवारीही बंद असतात. म्हणून दुपारचे जेवण सकाळी ११ ला पिशवीत असले पाहिजे. पाणी संपले तर गावाबाहेरचे कबरस्तान शोधा, तिथे फुलांसाठी नळ असतो. त्यावर ‘नों पोताब्ल’ लिहिले असेल तर ते पिण्याचे नाही.

आता सायकल. सीटपोस्टची उंची चिकटपट्टीने खूण करून मग काढा. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. चुकीच्या बाजूला जोर लावून क्रँकचे आटे जातात. दोन्ही चाके काढून फ्रेमच्या बाजूला बांधा, फोर्कच्या टोकांत प्लास्टिकची आधारपट्टी घाला. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मधोमध जाड पुठ्ठा घालून ठेवा. वाटेत कुणी लीव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि तिकडे चाकच बसत नाही.

सर्वांत जपायचा भाग म्हणजे मागचा हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो ती बोटभर ॲल्युमिनियमची पट्टी. खोक्यावर दुसरे सामान पडले की तीच वाकते. डिरेलर ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने सोडवून फडक्यात गुंडाळा आणि चेनसह मागच्या त्रिकोणाच्या आत बांधा. तरीही तुमच्याच फ्रेमचा एक हँगर जादा घ्या. तो प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, तिथल्या खेड्यात मिळण्याची आशा नको. तिथे गेल्यावर मागून पाहा: डिरेलरची दोन छोटी चक्रे आणि कॅसेट एका सरळ रेषेत नसतील तर गिअर लावण्याआधी हँगर बदला.

पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या हातसामानात. हवेचे सिलिंडर नेऊ नका, पंप न्या. जाताना विमानतळावर कस्टमकडून सायकलचे निर्यात प्रमाणपत्र घ्या, परतताना ‘ही विकत घेऊन आलात का’ हा प्रश्न सुटतो. तिथल्या वेगवान रेल्वेत, टीजीव्हीत, सुटी केलेली सायकल १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत बसली पाहिजे. विमानाचे मोठे खोके तिथे चालणार नाही, म्हणून मऊ पिशवी न्यावी हे बरे.

प्रश्न: पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची तयारी करतो आहे. मार्गात घाट नाही म्हणतात, मग चढाचा आकडा एवढा मोठा कसा? (एक वाचक, मिरज)

उत्तर: पहिल्या उत्तरातलेच गणित, फक्त मोठ्या प्रमाणावर. सुमारे १,२०० किलोमीटरला मिळून चढ १२,००० मीटरच्या आसपास, म्हणजे पुन्हा १०० किलोमीटरला १,०००. ब्रेस्तच्या अलीकडे लागणारा रोक त्रेव्हेझेलचा डोंगर जेमतेम ३८५ मीटरचा आहे. सातारा शहरच त्याहून खूप उंचावर वसले आहे. सगळा चढ शेकडो छोट्या तुकड्यांचा आहे आणि बहुतेक स्वारांसाठी वेळेची मर्यादा ९० तासांची.

१८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली ही फेरी आता दर चार वर्षांनी होते, २०२३ नंतर २०२७ मध्ये. त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, पुऱ्या कराव्या लागतात. त्यांच्या मर्यादा अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ आणि ४० तास. २०१९ आणि २०२३ मध्ये नावनोंदणीचा क्रम आदल्या वर्षीच्या सर्वात लांब बीआरएमवर ठरला होता, त्यामुळे २०२६ मध्ये ६०० करून ठेवा.

पुणे-कोल्हापूर महामार्गावरच्या बीआरएम वेळेत जमल्या म्हणून निर्धास्त राहू नका. महामार्गाचा चढ लांब आणि मंद, फ्रान्समधला वाटेतल्या फूझेर गावापासून पुढचा रस्ता सतत वरखाली. आपल्या ६०० मधले किमान २०० किलोमीटर रात्री, चढउताराच्या छोट्या रस्त्यावर व्हायला हवेत. उतारावर ताशी ४५ ने जाताना समोरचे वळण दिसेल एवढा दिवा लागतो, आणि बॅटरी तीन रात्री पुरवायची असते.

थंडीचेही लक्षात ठेवा. ऑगस्ट असला तरी पहाटे पारा एक अंकी होतो. चढावर घाम येतो, लगेचच्या उतारावर तोच घाम बर्फासारखा लागतो आणि हे रात्रभर दर दहा मिनिटांनी होते. घडी करून मागच्या खिशात मावेल असे वारा अडवणारे जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांवर चढवायचे उबदार कव्हर घ्या. रात्रीचे चमकणारे जाकीट या सगळ्याच्या वरून, शेवटी घालायचे.